उद्यमबागच्या गॅरेजवाल्या अण्णांना, एका पिकअपवाल्याकडून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही चिंधीला हात पुसत "बस की, चहा घे" म्हणून विषय बदलता. दोनदा तसंच झालं. म्हणून हे उघडं पत्र. आमच्या लायनीतली पोरंही वाचतील, त्यांच्या कामाचं आहे.

आषाढ सरता सरता माझी गाडी ओरडायला लागली. बेळगावात रात्री भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायला गोव्यात पोचायचं, हा आपला रोजचा धंदा. चाळीसच्या वर गेलं की मागून घूंऽऽ. एका गॅरेजात दाखवलं. गाडी वर न घेताच तिथला माणूस म्हणाला, "डिफरन्शियल गेला, आख्खा बदला." डिफरन्शियल म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला, इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा गिअरांचा संच. नव्याचा आकडा ऐकून मी गप्पच झालो. जुन्या बाजारातला स्वस्तात बसवतो म्हणाला, पण तो कुठल्या गाडीतून निघाला, किती ओझं ओढून आला, हे कोण सांगणार?

तुम्ही मात्र पान्याला हात लावला नाही. "आवाज कसा येऊलालाय ते ऐकूया आधी," म्हणत शेजारी बसलात. खानापूर रोडवर ॲक्सिलेटर दाबायला लावलं, सोडायला लावलं, मोकळ्या जागेत गोल फिरवायला लावलं. दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, तर संशय क्राउन-पिनियनच्या दातांवर, म्हणजे आतला मोठा गोल गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर यांच्या दातांवर. फक्त वळणावर आला तर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या आतल्या छोट्या गिअरांवर. माझ्यासारखा दोन्हीकडे तोच, नुसता वेगाबरोबर चढणारा, तर आधी बेअरिंग बघायचं. वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

उघडल्यावर ऑइल निम्मंच निघालं, त्यात चांदीसारखी चमक. पिनियनच्या बेअरिंगच्या रोलरांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. क्राउनचे दात मात्र तुम्ही माझ्याच बोटानं एकेक तपासायला लावलेत. सगळे गुळगुळीत. "एक जरी दात उडाला असता तर जोडी बदलायला लागली असती," तुम्ही म्हणालात. "ही दोघं एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. एकटा पिनियन मी बसवत नाही, तू पैसे दिलेस तरी."

आणि मग ते टोपण! ॲक्सलच्या हाउसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा ब्रीदर, आतली हवा बाहेर सोडणारा, बोटाच्या पेराएवढा. चिखलानं गच्च बुजलेला. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती पिनियनच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. ऑइल कमी झालं आणि बेअरिंग कोरडं पडून खाल्लं गेलं. नवा डिफरन्शियल घातला असता तरी ब्रीदर हाउसिंगवर तसाच बुजलेला राहिला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा त्याच आवाजासकट दारात! आभार खरे मानायचेत ते या टोपणासाठी.

पुढचं काम मी भाजीवाल्याच्या नजरेनं बघितलं, कारण तुम्ही वजनकाटाच बाहेर काढलात. पिनियनच्या फ्लँजला, म्हणजे बाहेरच्या चकतीला, दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्यानं ओढायची आणि बेअरिंग किती घट्ट बसलंय ते वजनात वाचायचं. नट एकेक चिमूट आवळायचा, परत ओढायचं. आत चेपणारा स्पेसर असतो, तो एकदा जास्त चेपला की परत नवा. त्यात तुम्ही पोराला आकडे कन्नडात सांगत होता आणि मला शिव्या मराठीत, मी उजेडात उभा होतो म्हणून. मग मोजायची डायल लावून दातांमधली ढिलाई ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या मधे आणलीत. निळी पेस्ट लावून क्राउन फिरवलात, ठसा दाताच्या मधोमध उमटेना म्हणून शिम, म्हणजे जागा जुळवायची पातळ चकती, बदलायला सगळं परत खोललंत. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि माझा माल बाजारात पडून होता. मी चिडलो होतो, अण्णा. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दल माफी इथंच मागून टाकतो.

ऑइल जीएल-५च, म्हणजे दातांवरचा जास्त दाब सोसणाऱ्या दर्जाचं गिअर ऑइलच घालायचं, हेही तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. साधं ऑइल तिथं टिकत नाही. पहिले पाचशे किलोमीटर निम्मंच ओझं घेतलं, नंतर ऑइल बदललं. एवढं सगळं करून बिल नव्याच्या चौथाईएवढंही नव्हतं.

गणपतीत चोर्ल्याच्या किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. मागून फक्त टायरांचा आवाज. ब्रीदर दर रविवारी पुसतो.

आता एक काम आहे. चुलतभावाची गाडीही ओरडतेय. मी शेजारी बसून फेरी मारली. सरळ रस्त्यावर काही नाही, वळणावर कटकट येते. त्याला सांगितलंय, हाउसिंगमधली बेअरिंगची बैठकच झिजली असली तर अण्णा स्वतः बदल म्हणतील, तेव्हा घासाघीस करायची नाही. सोमवारी घेऊन येतो. कुंदा आणतो, चहा तुमचा.

तुमचा,
पिवळ्या ताडपत्रीवाला