चारशे केव्हीच्या तारेवर आकडा कोण टाकणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला पहिल्या पानावरचा मथळा वाचला. पारेषणात, म्हणजे वीजकेंद्रांपासून उपकेंद्रांपर्यंतच्या उच्चदाब वहनात, 3 टक्के वीज 'गायब', आणि खाली चोरी कधी थांबणार असा सवाल. 400 केव्हीच्या (4 लाख व्होल्टच्या) मनोऱ्यावर चढून आकडा टाकणारा चोर आपल्या वार्ताहराला खरोखरच सापडला असेल, तर त्याचा फोटो छापायला हवा होता. आम्ही हार घेऊन गेलो असतो.

पारेषणाची हानी कुठल्याच मीटरवर दिसत नाही. वीजकेंद्रांतून आणि राज्याच्या सीमेवरून आत आलेली युनिटं एकीकडे, उपकेंद्रांतून महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी यांच्या हवाली केलेली दुसरीकडे. वजाबाकी करून जे उरतं, ती हानी. तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात गेलेली वीज त्यात असतेच. पण एखादा मीटर खोटं बोलत असेल तर तेही तिथेच जमा होतं. चोरीची चर्चा नंतर करू, आधी मीटरांची करू.

33 केव्हीच्या एखाद्या फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचं, बघा. भार वाढून 15 मेगावॅटवर, म्हणजे पावणेतीनशे अँपिअरच्या आसपास गेला, की मीटरसाठी प्रवाह ठरावीक पटीत कमी करणारे 200/1 चे सीटी काढून 400/1 चे बसवतात. व्होल्टेज तसंच कमी करणारा पीटी 33,000/110, म्हणजे 300 पट. मीटरचा आकडा या दोन पटींच्या गुणाकाराने गुणायचा; हा जुना गुणक 60,000, नवा 1,20,000. यार्डातलं काम एका शटडाउनमध्ये उरकतं, पण हिशेबाच्या तक्त्यातला गुणक बदलायचा राहतो. दिवसाला 3 लाख 60 हजार युनिटं जातात आणि कागदावर 1 लाख 80 हजारच दिसतात. उरलेली 1 लाख 80 हजार राज्याच्या पारेषण हानीत जाऊन बसतात. राज्याच्या रोजच्या साधारण 55 कोटी युनिटांत ती जेमतेम 0.03 टक्के, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. अशा दहा-वीस जागा झाल्या की मग आपला मथळा होतो.

ही चूक पकडणं अवघड नाही. त्या फीडरवरच्या ग्राहकांना 3 लाख युनिटांची बिलं गेलेली असतात आणि फीडरला मिळालेली दिसतात 1 लाख 80 हजार. वितरण हानी उणे! उणे हानी दिसली की पहिला संशय गुणकावर घ्यायचा, हे नवख्या अभियंत्यालाही कळतं. पण हानी कमी दिसली म्हणून कधी कोणाला मेमो मिळालाय का? कौतुकच होतं.

पीटीचा एक फ्यूज उडाला तर तीन फेजचा चार-तारी मीटर एक तृतीयांश वीज मोजतच नाही. एका फेजच्या सीटीची टोकं उलटी जोडली गेली तर दोन अधिक, एक उणे, म्हणून नोंद होते फक्त एक तृतीयांश. मीटर अगदी अचूक, 0.2एस वर्गाचा असून उपयोग काय, यार्डापासून कंट्रोल रूमपर्यंतच्या लांब केबलमध्ये 110 पैकी अर्धा व्होल्ट पडला तर जवळजवळ अर्धा टक्का तिथेच गेला. मीटरचं घड्याळ सात मिनिटं मागे असलं तर महिन्याची बेरीज जुळते, पण 15 मिनिटांच्या 96 ब्लॉकमधली वीज शेजारच्या ब्लॉकमध्ये सरकते, आणि ठरल्याहून कमी-जास्त वीज घेतल्याचा, म्हणजे विचलनाचा, आकार लागतो ब्लॉकवर. मुख्य मीटर आणि ताळ्यासाठीचा चेक मीटर जुळतात म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी दोन्ही एकाच सीटी-पीटीवर तर नाहीत ना, ते बघावं. तसे असतील तर दोघं मिळून तेच खोटं सांगणार. खरा ताळा बसबारवर, म्हणजे उपकेंद्रातल्या ज्या पट्टीवरून सगळे फीडर निघतात तिथे, लागतो : इनकमरची, म्हणजे पट्टीवर आत येणारी, युनिटं घ्या, त्याच वेळेची सगळ्या फीडरची बेरीज मांडा. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर टेस्टिंगवाल्यांना बोलवा.

या चुकांचे पैसे कोण भरतं? सगळे. राज्यभर हानीची टक्केवारी एकच. मुंबईतल्या जवळजवळच्या उपकेंद्रांनाही तीच आणि विदर्भातून शेकडो किलोमीटर येणाऱ्या वाहिन्यांनाही तीच. चुकलेल्या मीटरमागच्या कंपनीचा उचल-आकडा (तिने घेतलेली वीज) कमी लागतो आणि बोजा सगळ्यांच्या बिलांत विरघळतो. कंपन्यांमधल्या हिशेबाच्या पूर्वीच्या एफबीएसएम पद्धतीत तर बिलंच वर्षानुवर्षं मागे असत. चूक सापडेपर्यंत जुना डेटा कोणाकडे आहे इथूनच सुरुवात. 11 ऑक्टोबर 2021 पासून डीएसएम ही विचलनाच्या हिशेबाची पद्धत आल्यावर निदान आठवड्याचा हिशेब आठवड्याच्या भाषेत होऊ लागला.

आता आपल्या चौकटीतल्या गणिताबद्दल. पारेषणाचे 3 आणि 33 केव्हीचे 6 मिळून 9 टक्के, असं छापलंय. टक्के असे मिळवत नाहीत. 0.97 गुणिले 0.94 म्हणजे 0.9118; हानी 8.82 टक्के. तसंच हवाली केलेल्या युनिटांवरून केंद्रातली युनिटं काढायची तर 1.03 ने गुणायचं नसतं, 0.97 ने भागायचं असतं. 10 कोटी युनिटांवर या एका चुकीने सुमारे 93 हजार युनिटांचा फरक पडतो.

आणि 'दररोज 500 मेगावॅट युनिट वाया' हे काय प्रकरण आहे? मेगावॅट हा वेग, युनिट ही मोजणी. 500 मेगावॅट दिवसभर चालले तर 1 कोटी 20 लाख युनिटं होतात. यांपैकी आपल्याला काय म्हणायचं होतं, तेवढं दुरुस्तीच्या कोपऱ्यात छापा. तो कोपरा हल्ली शब्दकोड्याखाली असतो, असं दिसतं.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता, ठाणे