गार पाइप, गरम हवा : अकोल्याच्या एसी मिस्त्रींना आभारपत्र

प्रति,
गाडीच्या एसीचे काम करणारे आमचे मिस्त्री,
अकोला.

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आपल्याच सांगण्यावरून या पत्रात आपले नाव किंवा गॅरेजचा पत्ता दिलेला नाही. काम मात्र तपशिलाने लिहितो आहे, कारण एसीची दुरुस्ती करूनही ज्यांच्या गाडीत गरम हवा येते असे कितीतरी लोक मे महिन्यात या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये फिरत असतात आणि ‘गॅस कमी असेल’ यापलीकडे त्यांना कोणी काही सांगत नाही.

आमच्या गाडीची, आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल गळत होती आणि ती दुसऱ्या एका गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडून बदलून घेतली होती. कॉइल नवी, बिल भरलेले आणि हवा कोमट. तक्रार घेऊन गेलो की थोडा गॅस भरून मिळे. आईला तपासणीसाठी अमरावतीला न्यावे लागते आणि उन्हाळ्यात तो रस्ता काचा उघड्या टाकून कापणे तिच्या वयाला झेपत नाही, म्हणून कोणीतरी आपले गॅरेज सुचवले.

आपण बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला : सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे हवा गार लागते का? लागत होती. तापमानाचा काटा वर चढू लागला की ती कोमट होई. इतके दिवस आम्ही हे पाहत होतो, पण त्याला काही अर्थ असेल असे कोणी आम्हाला भासवले नव्हते. गॅस कमी असता तर इंजिन थंड असतानाही हवा गार लागली नसती. इंजिन तापल्यावरच बिघडणारी हवा म्हणजे इंजिनची उष्णता आत कुठूनतरी मिसळते आहे, हे आपण तिथल्या तिथे समजावून सांगितले.

मग एसी चालू ठेवून आपण मला बॉनेटखालच्या दोन ॲल्युमिनियमच्या पाइपांना हात लावायला सांगितले. बारीक पाइप गरम होता. जाड पाइप चांगलाच गार होता आणि त्यावर दवासारखे थेंब जमले होते. म्हणजे थंडावा तयार होत होता, पण तो डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीपर्यंत पोहोचत नव्हता. माझ्या मते आपल्या कामाचे सारे मर्म या एका भेदात आहे. थंडावा तयारच होत नसेल तर गॅस, तो दाबणारा कॉम्प्रेसर, त्याचा दाब उतरवून तो थंड करणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांकडे बघायचे. तयार होऊन वाटेत हरवत असेल तर डॅशबोर्डच्या आत बघायचे. हा भेद न करता गॅसच्या बाटलीला हात घालणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम.

डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि त्यातून इंजिनचे तापलेले पाणी उन्हाळ्यातही फिरत राहते. कॉइलवरून आलेली गार हवा त्यावरून जाऊ नये म्हणून मध्ये एक फ्लॅप, म्हणजे झडप, असतो. शंका त्या फ्लॅपवर होती, पण तेवढ्यावर आपण डॅशबोर्ड उघडायला घेतला नाही. हीटरकडे जाणारा रबरी होस पाइप फडक्यात गुंडाळून चिमट्याने दाबून धरला आणि जाळीत लावलेल्या थर्मामीटरकडे बघायला सांगितले. चोविसाच्या आसपास अडकलेला आकडा उतरत उतरत चौदाच्या खाली आला. कोणताही सुटा भाग न बदलता दोष कुठे आहे ते सिद्ध झाले होते.

पुढे टॉर्च घेऊन आपण पायांच्या बाजूने आत शिरला आणि मला तापमानाचा नॉब निळ्याकडून लालकडे फिरवायला सांगितले. फ्लॅपच्या केबलचे बाहेरचे आवरण क्लिपमधून सुटलेले होते, त्यामुळे आतली तार ओढली जाण्याऐवजी सगळी केबलच पुढेमागे सरकत होती आणि नॉब पूर्ण निळ्यावर असूनही फ्लॅप अर्धवट उघडा राहत होता. क्लिप बसवायला फार वेळ लागला नाही. ‘ही क्लिप डोळ्यांना दिसत नाही, चाचपूनच बसवावी लागते, त्यामुळे कोणाच्याही हातून राहू शकते,’ असे आपण म्हणालात. आधीच्या मिस्त्रींबद्दल एक वाकडा शब्द आपण काढला नाही, हेही मी इथे नोंदवतो.

केबल बसवल्यावर पैसे घेऊन गाडी देता आली असती. पण गॅसचा दाब मोजणारे दोन काट्यांचे गेज लावल्यावर हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, काटा ३०० पीएसआयच्या (दाबाचे एकक) वर जात होता, आणि त्या दुपारच्या उन्हातही तो आपल्याला जास्तच वाटला. आधी गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे ना ते पाहिले, कंडेन्सरच्या जाळीत अडकलेला कापसाचा तंतू आणि धूळ पाण्याने धुऊन काढली, तरी काटा फारसा उतरला नाही. तेव्हा आपण सगळा गॅस मशीनमध्ये ओढून घेऊन त्याचे वजन केले. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेले आणि गाडीतून निघाला सहाशेच्या वर. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि थंडावा उलट कमी होतो. म्हणजे प्रत्येक फेरीत मिळालेला तो ‘थोडा गॅस’ आमच्या मुळावरच येत होता.

गॅस भरणाऱ्यांची फसगत कशी होते, हेही आपणच सांगितले. एसी बंद असताना दोन्ही काटे सारखेच दाखवतात आणि एसीतल्या आर-१३४ए गॅसचा तो दाब फक्त तापमानावर ठरतो : ४० अंशांना सुमारे १३० पीएसआय. आत थोडा जरी द्रव असला तरी काटा तेवढाच दाखवणार, मग गॅस कमी असो की जास्त. घरच्या सिलिंडरमध्ये किती गॅस उरला ते आपण उचलून बघतो, तसा हा गॅसही वजनानेच मोजायचा असतो.

जास्तीचा गॅस आपण हवेत सोडला नाही, याबद्दल वेगळे आभार. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. दीडशे ग्रॅम फुसकन सोडून दिला तर तो दोनशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखा आहे. तो सोडताना कोणी पाहत नाही, कोणी विचारतही नाही, आणि म्हणूनच आपला तो आग्रह मला मोठा वाटतो.

कॉइल बदलताना गॅसमधली ओल टिपणारा ड्रायर जुनाच ठेवलेला दिसला, तोही आपण बदलला. सिस्टीम उघडी राहिली की ड्रायर आणि आतले तेल हवेतली ओल शोषून घेतात आणि ते पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठले की चालता चालता थंडावा बंद पडतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला, पंप बंद करून काटा जागेवर टिकतो का ते पाहिले आणि मगच वजनकाट्यावर तोलून ४५० ग्रॅम गॅस भरला. बिलावर ग्रॅम लिहून देणारे मिस्त्री मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

आता भर दुपारी गाडी धावत असताना जाळीतून नऊ-दहा अंशांची हवा येते. आई मागच्या सीटवर शाल मागते. आपण सांगितल्याप्रमाणे केबिन फिल्टर आणि कंडेन्सर धुण्यासाठी गाडी दिवाळीच्या आधी घेऊन येईन. डॅशबोर्डच्या कामाचे पैसे आपण त्या दिवशी ‘क्लिपच तर बसवली’ म्हणून लावले नव्हते, तेही तेव्हा घ्यावेत ही विनंती.

आपला नम्र,
अकोल्यातील एक ग्राहक