दगडाची एक बाजू तशीच राहू द्या

मा. संपादक,
स. न.

आंदोलनांनंतर रस्त्यावर उरलेल्या दगड-लोखंडातून आदिमानवाच्या हत्यारांचे आकार घडवणाऱ्या कलाकारांवरचा लेख रविवार पुरवणीत वाचला. कल्पना जबरदस्त आहे. १० मे १९६८ च्या रात्री पॅरिसमधल्या गे-ल्युसाक रस्त्यावर विद्यार्थ्यांनी फरसबंदीचे दगड उखडून अडथळे रचले. हातकुऱ्हाडींच्या, म्हणजे मुठीत धरायच्या दगडी हत्यारांच्या, ‘अश्यूलियन’ या अश्मयुगीन संस्कृतीला ज्या जागेचे नाव मिळाले, ते सेंट अश्यूलही त्याच फ्रान्समध्ये, आमियां शहरात. दगड हाती घ्यायची माणसाची खोड तशी जुनीच!

खटकले ते एवढेच, की छायाचित्रांतले दगड चहूबाजूंनी घासूनपुसून चकचकीत केलेले दिसतात. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवासे परिसरात सापडलेल्या हातकुऱ्हाडींसारखी हत्यारे नीट पाहावीत. टोकाकडून छिलके काढून धार आणलेली असते; पण कित्येकदा तळव्यात येणारा बुडखा तसाच सोडलेला असतो, नदीत घासून गुळगुळीत झालेल्या मूळ सालीसकट. गोटा कुठून उचलला, ते त्या सालीवरून कळते. फरसबंदीच्या दगडालाही अशी एक बाजू असते, वर्षानुवर्षे चाकांनी झिजवलेली. तीच ग्राइंडरखाली घातली, तर उरतो तो कुठल्याही खाणीतला दगड.

दुसरे म्हणजे ठिकाण. नांगराला लागून वर आलेली सुटी हातकुऱ्हाड आणि उत्खननात थरात सापडलेली हातकुऱ्हाड, दिसायला सारख्याच. अभ्यासकाच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा फरक; काळ कळतो तो थरावरून. मग कलाकृतीखालच्या पाटीवर नुसते ‘दगड, लोखंड’ लिहून कसे भागेल? गल्ली कोणती, तारीख कोणती, हे यायलाच हवे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१४ मध्ये आंदोलकांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले होते. त्यात २०१३ च्या इस्तंबूल आंदोलनातला, प्लास्टिकची बाटली कापून केलेला अश्रुधुरापासून बचावाचा मुखवटाही होता. त्याला कुणी कलाकुसर केली नव्हती, तरी त्याच्यापुढे थांबावेसे वाटावे.

शेतकरी आंदोलनाच्या वेळी दिल्लीच्या गाझीपूर सीमेवर पोलिसांनी रस्त्यात खिळे ठोकले होते आणि शेतकऱ्यांनी तिथेच माती टाकून फुलझाडे लावली होती. त्यातला एखादा खिळा कुणा शिल्पकाराच्या हाती असेल, तर त्याने त्याचा भाला जरूर करावा. फक्त खिळ्याचे डोके ठेवावे आणि पाटीवर लिहावे : गाझीपूर, फेब्रुवारी २०२१.

– एक वाचक, पुणे