पातेल्यातला भात आणि फसलेला वेढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकेच्या 'सीडर फॉल्स' या वेढ्याच्या मोहिमेवरचा लेख वाचला. लेख बरा होता, पण शेवटी लेखकाने व्हॉट्सॲपवरची ती जुनीच कथा चिकटवली : शिवरायांचा गनिमी कावा वाचूनच म्हणे व्हिएतनाम जिंकलं! मी २४ वर्षं पलटणीत काढलेला मराठा गडी. हे खरं असतं तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला असता? पण पुरावा कुठाय?

वेढा फसला का, हे मात्र दोन ओळींत उरकलंय. ८ जानेवारी १९६७ ला ६० हेलिकॉप्टरं बेन सुक गावावर आली. सायगावच्या उत्तरेकडच्या 'लोखंडी त्रिकोणा'त, म्हणजे व्हिएतकाँग या कम्युनिस्ट गनिमांच्या बालेकिल्ल्यात, अमेरिका आणि दक्षिण व्हिएतनामचे मिळून सुमारे ३०,००० जवान उतरवले होते. एका बाजूला फळी धरायची, दुसरीकडून रेटत आणायचं. बेन सुक आणि आसपासच्या गावांतली सहाएक हजार माणसं उठवली, घरांवर बुलडोझर फिरवले. ३,७०० टन तांदूळ हाती लागला. व्हिएतकाँग मात्र बहुतेक निसटले आणि फौज हलताच परतलेही.

त्या तांदळापाशी मी अडखळलो. मणिपुरात आम्ही असाच पहाटे एका गावाला वेढा घातला होता. एका झोपडीत म्हातारी आणि दोन पोरं. चुलीवर पातेलं, त्यात दहा-बारा जणांना पुरेल एवढा भात रटरटतोय. हवालदाराने झाकण उचललं, आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. जेवणारे ओढ्याच्या अंगाने कधीच गेले होते. (ओढ्यावर माणसं कुणी ठेवायची होती, यावर पुढे आठवडाभर भांडण!) म्हातारीने हवालदाराच्या हातातलं झाकण घेतलं आणि परत पातेल्यावर ठेवलं. तिला आम्ही काय विचारणार होतो?

लेखकाला जवळचाच दाखला हवा होता, तर आमच्या खानापूर तालुक्यात यायचं. गनिमी काव्याने लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये इथे नंदगडलाच फाशी दिलं. तोही लढाईत हाती लागला नव्हता, फितुरीने धरला गेला. की कन्नड माणूस म्हणून त्याला आपल्या पुरवणीत जागा नाही?

शिवरायांबद्दलची ती ओळ येत्या रविवारी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव