राइट फिल्डमधली मूठभर फक्की

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपले नाव असे चारचौघांत लिहिलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला दर रविवारी सकाळी सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आम्हा बायकांना हे पत्र कोणासाठी आहे, ते सांगावे लागणार नाही.

आपल्याआधी जे प्रशिक्षक आम्हाला लाभले, त्यांनी दोन वर्षे आमच्याकडून केवळ बॅटिंग घोटून घेतली. बचावाची त्यांची कल्पना एवढीच होती की चपळ मुलींनी शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा) आणि थर्ड बेस सांभाळावा आणि माझ्यासारखीने राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या उजवीकडच्या दूरच्या भागात, जावे. "तिकडे बॉल येत नाही ताई, तुम्ही निवांत उभ्या राहा," हे त्यांचे वाक्य मला अजून टोचते. त्यांचा हिशेब अगदीच खोटा नव्हता. आमच्यासारख्या हौशी सामन्यांत बहुतेक जणी उजव्या हाताने बॅट फिरवतात आणि ओढून मारलेला चेंडू डावीकडे जातो. परंतु त्या हिशेबापायी सातही इनिंग मैदानात उभी राहून मी खेळाच्या बाहेरच असे, आणि थर्ड बेसवरून आलेला थ्रो डोक्यावरून गेला की सगळा दोष मात्र फर्स्ट बेसवरच्या बिचारीच्या माथी येई.

डिसेंबरातल्या त्या रविवारी नेमके तेच घडले. गवतावर दव होते, चेंडू ओला झालेला, थ्रो उंच गेला. आपण तोवर केवळ बाकावर बसून आमचा खेळ पाहणारे एक निवृत्त शिक्षक होतात. चूक कोणाची, हे आपण विचारलेही नाही. रेषा आखायच्या बादलीतली मूठभर फक्की घेऊन आपण चपलांनिशी त्या ओल्या गवतातून चालत आलात, फर्स्ट बेसच्या मागे, खेळाची हद्द दाखवणाऱ्या फाउल रेषेच्या पलीकडे वाकलात आणि ती जमिनीवर ठेवलीत. "थर्डकडून थ्रो निघाला की ताई इथे. बॉल सुटला तरी इथे, नाही सुटला तरी इथे." मग थोडे सरकून, शॉर्टस्टॉपच्या थ्रोसाठी, दुसरी मूठ.

दोन बेसमध्ये अंतर अवघे 60 फूट, त्यामुळे थ्रो घाईतच होणार आणि कधीतरी चुकणारच. मागे कोणी नसेल तर धावणारी आणखी एक-दोन बेस सहज घेते, हे आपण मिनिटभरात समजावलेत. पुढे कटऑफ (दूरचा थ्रो मध्येच अडवणे), रिले (तो हातोहात पुढे पोचवणे), उंच चेंडूखाली "माझा" अशी खणखणीत हाक देणे, हेही आपणच शिकवलेत. त्याचा पाढा येथे वाचत नाही. मला मोलाची वाटते ती पहिली मूठ. मैदानावर माझी म्हणून एक जागा आहे आणि तेथे मला काम आहे, हे शेहेचाळिसाव्या वर्षी मला प्रथमच कोणी वाकून दाखवले. चुकलेल्या माणसाकडे न पाहता त्याच्या मागची मोकळी जागा पाहणारी माणसे शाळांत, कचेऱ्यांत, घरांतही असतात. ती बोलतात कमी, म्हणून पटकन ओळखू येत नाहीत.

गेल्या सामन्यात सहाव्या इनिंगला थ्रो पुन्हा उंच गेला आणि मी तेथे होते. चेंडू छातीवर आदळून खाली पडला, धावणारी फर्स्ट बेसवरच थांबली. धावफलकावर याची नोंद होत नाही, त्यामुळे टाळ्याही पडल्या नाहीत. मी बाकाकडे पाहिले, तर आपण चष्मा पुसत होतात. सामन्यानंतर मिसळ खायला थांबा म्हणावे, तोवर आपण निघूनही गेला होतात.

येत्या रविवारी आमच्यात एक नवी मैत्रीण येत आहे. तिने आल्या आल्या विचारले, "मला कुठेतरी कोपऱ्यात उभे करा, चालेल ना?" कृपया बादलीत थोडी फक्की शिल्लक ठेवावी.

आपली कृतज्ञ,
राइट फिल्डवाली ताई