किंगडा काचं हायड्रॉलिक कुणी सांगितलंच नाही

मा. संपादक,

न्यू जर्सीतला 'किंगडा का' हा रोलर कोस्टर 28 फेब्रुवारी 2025 ला स्फोट करून पाडला, त्याचे व्हिडिओ आमच्या उद्यमबागेत मोबाईलवर खूप फिरले. बातम्यांत पण तेच, 139 मीटरचा टॉवर कसा कोसळला. पण गाडी एवढ्या वर चढायची कशाने हे कुणी लिहिलं नाही, आणि बेळगावात तरी ते यायला पाहिजे होतं कारण ते सगळं हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर होतं, जे काम इथे कितीतरी शेडमध्ये रोज चालतं.

मे 2005 मध्ये तो सिक्स फ्लॅग्ज कंपनीच्या मनोरंजन पार्कात सुरू झाला, बनवणारी कंपनी इंटामिन. साखळीने हळूहळू वर ओढायचा प्रकारच नाही. पंप अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवायच्या टाकीत, तेल भरत जाणार, त्याने आतला नायट्रोजन वायू दाबला जाणार, मग वॉल्व्ह उघडला की ते प्रेशर एकदम तेलावर फिरणाऱ्या हायड्रॉलिक मोटारींवर, मोटारी मोठा ड्रम फिरवणार आणि ड्रमवरचा वायर रोप गाडीला ओढणार. साडेतीन सेकंदात ताशी 206 किलोमीटर! कधी जोर कमी पडला तर गाडी माथ्यावर न पोचता उलटी खाली यायची, त्यासाठी लाँच ट्रॅकवर, म्हणजे गाडी वेग घेते त्या रुळावर, चुंबकाचे ब्रेक होते, ते गाडी गेल्यावर वर उचलले जायचे आणि परत आलेली गाडी त्यात थांबायची. गाडी चढणार नाही हे आधीच धरून केलेलं डिझाईन, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पण दर फेरीला एवढं प्रेशर झटक्यात सोडायचं म्हणजे रोप, सील, बोल्ट सगळ्यांवर ताण. पहिल्याच जूनमध्ये बिघाड होऊन तो ऑगस्टपर्यंत बंद राहिला, पुढेही बंद बरेचदा असायचा. ओहायोतला 2003 चा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर याच पद्धतीचा, तो 2024 ला नव्या रूपात उघडला तेव्हा हायड्रॉलिक काढून लिनिअर मोटारी, म्हणजे चुंबकाच्या जोरावर गाडी सरळ ढकलणाऱ्या विजेच्या मोटारी, बसवल्या होत्या. आणि किंगडा काच्या बाबतीत तर शेवटची फेरी कधी हे आधी सांगितलंच नाही, नोव्हेंबर 2024 मध्ये तो बंद झाल्यावर लोकांना कळलं. एवढ्या मोठ्या मशिनला असं घालवायला नको होतं, मला खरंच वाईट वाटलं.

येळ्ळूर, खानापूरकडची आयटीआय, डिप्लोमाची पोरं आमच्याकडे शिकायला येतात, त्यांना असलं काही मराठीत वाचायला मिळत नाही. आपल्या पुरवणीत अशा बंद पडलेल्या मशिनांवर एक सदर सुरू करा. किंगडा काच्या लाँचचं सर्किट साधं करून काढून द्यायला मी तयार आहे.

एक हायड्रॉलिक फिटर,
उद्यमबाग, बेळगाव