रविवारची नागपूरच्या फुटाळा तलावाची सायकल राइड: सगळ्यांनी वाचा ना बाप्पा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ५:३० ला झिरो माईलजवळ दगडी चार घोड्यांच्या बाजूला जमायचंय, ५:४५ ला निघणार म्हणजे निघणार, मागच्या वेळी एकाची वाट पाहत अर्धा तास गेला अन् मग परत येताना उन्हानं सगळ्यांचं डोकं तापलं. व्हरायटी चौक, महाराजबाग, लॉ कॉलेज चौक असं करत फुटाळ्याला जाऊ, तिथे तासभर काठावरचा प्लास्टिक कचरा उचलायचा, पोती मी आणतो.

- हेल्मेट नाही तर राइड नाही, मी पण ऐकणार नाही
- मागचा लाल लाइट चालू पाहिजे
- हातमोजे, १ लिटर पाणी, एक जास्तीची ट्यूब

पोरांना आणा, पण १२ वर्षांखालच्यांसोबत आई-बाबांपैकी कोणीतरी पाहिजेच. माझी लेक येऊन राहिली, बायको म्हणते पोह्यांच्या टायमाला थेट पोचते.

९ च्या आत तर्री पोहे खाऊन घरी. ज्यांची ब्रेकची केबल ढिली आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी या, पाना आहे. जे रोज सायकलनं ऑफिसला जातात त्यांनी तर नक्कीच दाखवून घ्या.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका, पोह्यांच्या प्लेटा सांगायच्या आहेत.